साखळी तुटली म्हणून सवय तुटत नाही

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्राचा आवश्यक भाग असा :

‘वर्षाच्या सुरुवातीला मी फोनवर चार ॲप घेतली. एक पाणी पिण्याची आठवण करून देणारे, एक पावले मोजणारे, एक रोजच्या वाचनाची नोंद ठेवणारे आणि एक पाठीच्या व्यायामाचे. दीड महिना सगळे सुरळीत चालले. दहा हजारांचा आकडा पुरा व्हावा म्हणून मी रात्री खोलीतल्या खोलीत येरझाऱ्याही घातल्या. मग तापात चार दिवस अंथरुणात गेले. बरी होऊन फोन उघडला, तर सगळ्या साखळ्या, म्हणजे सलग किती दिवस जमले ते आकडे, शून्यावर आलेल्या. त्या दिवशी मन जे उतरले ते पुन्हा उभारी धरेना. आता सूचना येतात आणि मी न वाचताच बाजूला सारते. मुलगा म्हणतो, आई, तुझ्यात चिकाटीच नाही. ॲपमुळे खरोखर सवयी लागतात का, की दोष माझ्यातच आहे? लागत असतील, तर कोणते ॲप घ्यावे?’

चिकाटीचा मुद्दा आधी बाजूला काढते. दीड महिना चार नव्या गोष्टी एकाच वेळी रोज करणाऱ्या व्यक्तीला चिकाटी नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. कमी पडले ते दुसरेच काही. त्या चारही गोष्टींचा आधार शेवटपर्यंत फोनमध्ये राहिला, तो तुमच्या दिवसात कधी उतरलाच नाही. त्यामुळे पडद्यावरचा आकडा शून्य झाला, त्याच क्षणी व्यायामाचे आणि वाचनाचे कारणही संपल्यासारखे झाले. ॲपमुळे सवय लागायला मदत होते, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र इमारत बांधताना लावलेली परांची भिंत उभी राहिल्यावर उतरवायची असते, तसे ॲपलाही योग्य वेळी मागे सरता आले पाहिजे. तुमच्या ॲपांपैकी एकाचीही रचना तशी नव्हती, आणि तुम्हाला ते कोणी सांगितलेही नव्हते.

आता तुटलेल्या साखळीविषयी, कारण तुमच्या मनाला सर्वांत जास्त तेच लागलेले दिसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे अभ्यासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकाने खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी साधी कृती निवडली होती, आणि ती रोज एका ठरावीक प्रसंगी, म्हणजे अमुक एका जेवणानंतर वगैरे, करायची होती. ती कृती विचार न करता आपोआप होऊ लागायला किती काळ लागतो, हे त्यांना पाहायचे होते. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांतील फरक फार मोठा होता : कोणाला १८ दिवस, तर कोणाला गणिती अंदाजाने २५४ दिवस. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्याच्या प्रक्रियेवर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. तुमचे चार दिवस हे एका दिवसापेक्षा जास्त आहेत, हे खरे. तरीही सवय ही हळूहळू साचत जाणारी गोष्ट आहे, आणि दीड महिन्यात साचलेले चार दिवसांच्या तापात पुसले जाते असे मानायला काहीच आधार नाही. शून्य झाला तो फक्त पडद्यावरचा आकडा.

जाता जाता, अनेक ॲपांत ‘२१ दिवसांचे आव्हान’ असते, तेही मनावर घेऊ नका. या आकड्याचा उगम बहुधा १९६० मध्ये मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या पुस्तकात सांगितला जातो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी सर्व सवयी आल्या. बाविसाव्या दिवशीही व्यायामाचा कंटाळा येत असेल, तर तुमचे काहीही चुकलेले नाही.

साखळीचे चिन्ह ॲपवाले वापरतात, कारण ते परिणाम करते. मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा तेवढीच गोष्ट गमावल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते, हे डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. साखळी लांबत जाते तशी ती गमावण्याची भीतीही वाढते आणि माणूस रोज ॲप उघडतो. ॲप चालवणाऱ्या कंपनीला तेच हवे असते. पण आजारपण, प्रवास, घरातले एखादे संकट यांपैकी काहीतरी येतेच आणि साखळी तुटतेच. मग ‘आता काय उपयोग’ अशा भावनेने उरलेलेही सोडून द्यावेसे वाटते. आहारावर कडक बंधन घातलेल्या माणसांत जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन या संशोधकांनी हीच प्रवृत्ती टिपली होती : नियम एकदा मोडला, की पुढचा संयमही सुटतो. म्हणून ॲप ठेवायचेच असेल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सलग दिवसांचा आकडा लपवता येतो का ते पाहा. महिन्यातील एकूण किती दिवस कृती झाली एवढेच दाखवणारे ॲप मी अधिक प्रामाणिक मानते. तीस दिवसांपैकी चोवीस हा आकडा तुमच्या आयुष्याविषयी खरे काही सांगतो. चार दिवसांच्या तापानंतर दिसणारे शून्य काहीही सांगत नाही.

ॲप सर्वांत चांगले काय करते? नोंद ठेवते. आपण दिवसात किती चाललो याचा आपला अंदाज फारसा भरवशाचा नसतो, आणि चूक बहुधा आपल्या सोयीची, म्हणजे जास्त चाललो असे वाटण्याची असते. नोंदीचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या प्रगतीवर लक्ष ठेवण्यास सांगितलेली माणसे उद्दिष्टाच्या अधिक जवळ पोहोचतात, आणि ती प्रगती कोठेतरी नोंदवली किंवा दुसऱ्या कोणाला सांगितली तर परिणाम वाढतो, असे त्यात दिसले. चालण्यापुरते पाहायचे, तर पावले मोजणारे साधन वापरणाऱ्यांचे चालणे दिवसाला सुमारे दोन ते अडीच हजार पावलांनी वाढल्याचे २००७ च्या एका आढाव्यात नोंदले आहे, आणि त्यात ज्यांच्यापुढे एखादे उद्दिष्ट होते त्यांच्यातच ही वाढ ठळक होती.

उद्दिष्ट हवे, पण ते दहा हजारांचेच का? हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये कमरेला लावायचे एक पाऊलमापक यंत्र याच आकड्याच्या नावाने विकले गेले आणि आकडा जगभर पसरला. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा, सरासरी वय ७२, अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांतील मृत्युदर स्पष्टपणे कमी होता, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा फायदा पुढे वाढताना दिसला नाही. तरुणांना हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, आणि अशा निरीक्षणांतून कारण-परिणाम पक्के ठरत नाहीत. पण रात्री खोलीत येरझाऱ्या घालून जो आकडा तुम्ही गाठत होता, त्यात पवित्र असे काही नव्हते, एवढे त्यातून नक्की कळते. एक आठवडा काहीही न बदलता नुसती पावले मोजा, त्याची सरासरी काढा आणि त्यात हजारभर पावले मिळवा. तुमचे पहिले उद्दिष्ट तेवढेच.

आता ज्या ठिकाणी बहुतेक ॲप कमी पडतात आणि ज्यावर तुमच्या प्रश्नाचे उत्तर खऱ्या अर्थाने अवलंबून आहे, तो भाग : आठवण करून देणाऱ्या सूचना. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील कॅटाझीना स्तावार्झ, अ‍ॅना कॉक्स आणि अ‍ॅन ब्लँडफोर्ड यांनी २०१५ मध्ये सवयी लावण्यासाठी असलेली ११५ ॲप तपासली. बहुतेकांचा सारा भर नोंद आणि सूचना यांवरच होता. त्याबरोबर त्यांनी माणसांवर चार आठवड्यांचा अभ्यासही केला. फोनवर सूचना मिळाल्याने कृती अधिक वेळा घडली, पण ती आपोआप होण्याकडे झुकली नाही, उलट त्या वाटेत सूचना आडच आल्या. ज्यांनी कृती रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडली, त्यांच्यात मात्र आपोआपपणा वाढला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ठरावीक परिस्थितीत तीच कृती वारंवार केली की परिस्थिती आणि कृती यांची मनात गाठ पडते, आणि मग परिस्थिती समोर येताच हात आपोआप त्या कृतीकडे वळतो. वेंडी वूड यांनी लोकांना दिवसभर आपापल्या कृती टिपून ठेवायला लावले, तेव्हा रोजच्या वागण्याचा एक-तृतीयांशाहून मोठा भाग अशाच सवयीचा निघाला. आता रोज अकरा वाजता फोन वाजला आणि तुम्ही पाठीचा व्यायाम केला, तर गाठ कोणाशी पडेल? फोनच्या आवाजाशी. तुम्ही त्या वेळी कधी स्वयंपाकघरात असाल, कधी बोलण्यात, कधी कामात, म्हणजे आजूबाजूची परिस्थिती रोज वेगळी आणि समान असा एकटा आवाज. तो आवाज बंद झाला किंवा तुम्ही तो न ऐकता बाजूला सारू लागलात, की खाली काहीच उरत नाही. तुमच्या पत्रात नेमके हेच घडलेले आहे.

त्याऐवजी जे करावे त्याला पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘जर-तर’ पद्धतीची योजना म्हटले आहे : अमुक घडले, की मी तमुक करीन. वाचायला हे फार किरकोळ वाटते. पण त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, आणि केवळ उद्दिष्ट ठरवणाऱ्यांपेक्षा अशी वाक्ये ठरवणारे बरेच पुढे गेलेले दिसले. प्रसंग निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो रोज घडणारा असावा, तो केव्हा संपला हे स्पष्ट कळावे, आणि तेव्हा तुम्ही कृती करता येईल अशाच जागी असावे. ‘सकाळी वेळ मिळाल्यावर’ हा प्रसंगच नाही. ‘दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की पाठीचे दोन व्यायाम’ हा उत्तम प्रसंग आहे, कारण ब्रश ठेवण्याचा क्षण चुकत नाही आणि त्यानंतर तुम्ही कोठे असता हेही ठरलेले असते. व्यायाम दोनच सांगितले ते मुद्दाम. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ पक्की करायची आहे, शरीराला कसदार करण्याचे काम नंतर होईल.

मग ॲपचे काम काय? सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, त्या प्रसंगाच्या जरा आधी, एकच सूचना, आणि तिच्यात तुमचे जर-तर वाक्य तुमच्याच शब्दांत लिहिलेले. ‘व्यायामाची वेळ झाली’ हे ॲपचे ठोकळेबाज वाक्य बदला. पुढचे दोन आठवडे सूचना एक दिवसाआड ठेवा, त्यानंतर बंद करा. नोंद मात्र चालू द्या, पण दिवसातून एकदाच. सूचना बंद करून आठवडा गेल्यावर कृती बहुतेक दिवस झाली असेल, तर गाठ पडू लागली आहे असे समजा. झाली नसेल, तर सूचना लगेच परत आणू नका, आधी प्रसंग बदलून पाहा. माझ्या मते बहुतेकांचे येथेच चुकते : प्रसंग चुकीचा असतो आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

नोंद करण्यासाठी फोन उघडला आणि अर्धा तास भलत्याच गोष्टींत गेला, हाही अनुभव अनेकांना येतो. तुम्हाला तो येत असेल तर ॲपचे विजेट, म्हणजे त्याचा छोटा चौकोन, फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा, म्हणजे ॲप न उघडता खूण करता येते. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी तुमची परवानगी मागावी लागते. जाहिराती आणि ‘आम्हाला तुमची आठवण येते’ छापाचे संदेश पाठवणाऱ्या ॲपला ती देऊ नका. फोनमध्येच असलेले स्क्रीन टाइम किंवा डिजिटल वेलबीइंग हे साधन दिवसातून किती वेळा फोन हातात घेतला ते दाखवते. सवयीची ॲप आल्यापासून तो आकडा वाढला असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने खूण करणे तुमच्यासाठी अधिक चांगले. त्यात काही कमी दर्जाचे नाही.

तुमच्या चार ॲपांपैकी दोन मी काढून टाकायला सांगेन. पाण्याचे ॲप आधी जाऊ द्या. निरोगी प्रौढ माणसाला बहुतेक वेळा तहान पुरेशी सूचना देते. वय झालेल्यांची तहान मंदावते हे खरे आहे, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. पण या दोन्ही बाबतींत वजन विचारून आकडा काढणाऱ्या ॲपवर विसंबणे योग्य नाही. पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवा, तेवढे पुरे.

दुसरे वाचनाचे. त्याविषयी मला जरा जास्त कळकळीने लिहावेसे वाटते. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीच मिळाले नाही किंवा अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. जॉर्डन एटकिन यांनी २०१६ मध्ये दाखवले, की आनंदासाठी केलेली गोष्ट मोजू लागले तर माणूस ती जास्त करतो, पण तिच्यातला आनंद कमी होतो आणि मोजणे थांबल्यावर ती करण्याची इच्छाही घटते. वाचन तुम्हाला मुळात आवडत असेल, तर पानांची संख्या, बिल्ले आणि इतर वाचकांशी स्पर्धा यांपासून त्याला दूर ठेवा. आकडा वाढावा म्हणून माणूस नकळत बारीक पुस्तके निवडू लागतो. पुस्तक उशीजवळ ठेवा आणि फोन दुसऱ्या खोलीत. पाठीच्या व्यायामाचे तसे नाही. तो कोणी हौसेने करत नाही, त्यामुळे तेथे एखाद्या बिल्ल्याने उत्साह येत असेल तर खुशाल येऊ द्या.

ॲपने मागे सरावे हे मी सांगितले, त्याला एक अपवाद नीट लक्षात ठेवा. घरात कोणाला नियमित औषधे असतील, तर त्यांची सूचना कधीही बंद करू नका. तेथे सवय लागली तरी एक दिवस चुकण्याची किंमत मोठी असू शकते, आणि गोळी घेतली की नाही हे न आठवणे हा सवयीचाच एक दुष्परिणाम आहे. त्यासाठी नोंदही हवी आणि सूचनाही.

कोणते ॲप घ्यावे याचे उत्तर नावाने देणार नाही, कारण आज चांगले असलेले ॲप पुढच्या आवृत्तीत बदलते. सूचनेचे शब्द स्वतः लिहिता येतात का, साखळी लपवता येते का, ठरलेले सुटीचे दिवस ते मान्य करते का आणि तुमच्या नोंदी बाहेर काढून घेता येतात का, एवढे पाहा. व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप तुमचे संपर्क क्रमांक मागत असेल, तर ते घेऊ नका. ठिकाणाच्या परवानगीबाबतही सावध राहा. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या एकत्रित नकाशावरून सैनिकी तळांच्या जागा ओळखता येतात, हे २०१८ मध्ये उघड झाले होते. वापरणाऱ्यांनी तर केवळ आपल्या धावण्याची नोंद केली होती.

तुमच्या मुलाविषयी शेवटी लिहिते. त्याच्या बोलण्यामागे काळजी असेल, पण ‘चिकाटी नाही’ हे ऐकून कोणाचीही चिकाटी वाढत नाही. त्याच्याकडे एक नेमके काम सोपवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, त्याने इतकेच विचारायचे, ‘या आठवड्यात किती दिवस झाले?’ तुम्ही आकडा सांगायचा आणि त्याने त्यावर शेरा मारायचा नाही. दुसऱ्याला सांगितल्याने प्रगती वाढते, हे वर आलेच आहे. सुरुवात फक्त पाठीच्या व्यायामाने करा. पाठीत वेदना असतील, तर कोणते व्यायाम चालतील हे आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. चालण्याचा पहिला आठवडा केवळ मोजण्यात जाऊ द्या, आणि व्यायाम सूचनेशिवाय होऊ लागेपर्यंत तिसरे काही हाती घेऊ नका. मध्ये पुन्हा ताप आला, तर त्या दिवसांची जागा नोंदीत कोरी सोडा आणि बरे वाटेल त्या सकाळी, ब्रश जागेवर ठेवल्यावर, दोन व्यायाम करा.